हौस भाचीची, वही मामाची

फोर्डची एफ-150 रॅप्टर ही पिकअप वाळवंटात सुसाट पळवण्यासाठी बांधलेली गाडी आहे. मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या कारखान्यात ती तयार होते. 2017 ते 2020 या काळात निघालेल्या दुसऱ्या पिढीच्या रॅप्टरला 3.5 लिटरचं, सहा सिलिंडरचं आणि दोन टर्बोंचं ‘इकोबूस्ट’ इंजिन आहे. ताकद 450 अश्वशक्ती, टायर 35 इंची, रुंदी जवळपास 2.2 मीटर, वजन अडीच टनांच्या घरात. एवढ्या धिप्पाड गाडीच्या इंजिनात ऑइल मावतं ते जेमतेम 5.7 लिटर. हे ऑइल आणि त्याच्याबरोबरचा फिल्टर कोणी बदलायचा, कधी बदलायचा आणि बदलला हे कशावरून मानायचं, यावर दोन जाणकार माणसांचं अजिबात जमत नाही.

एक आहे भाची. टेक्ससमध्ये ह्यूस्टनजवळच्या केटी गावात राहते, इंजिनिअर आहे, 2019 ची रॅप्टर चालवते आणि तिचं ऑइल स्वतः बदलते. दुसरे तिचे मामा. एसटीच्या डेपोत आणि पुढे दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत त्यांची हयात गेली; सध्या भाचीकडे मुक्कामाला आहेत. हाताला ग्रीस लागलेला माणूस म्हणजे ‘स्वतःचं काम स्वतः कर’ असंच म्हणणार, असा आपला समज असतो. मामा नेमकं उलट म्हणतात.

मामा : तुझ्या घरापासून दहा मिनिटांवर डीलरचं वर्कशॉप आहे. तिथं लिफ्ट आहे, हवेवरचे पाने आहेत, पोरं रोज हेच काम करतात. मग तू दारात पाठ टेकून गाडीखाली कशाला शिरायचं?

भाची : पहिलं कारण पैसे. डीलरकडे शंभरेक डॉलर जातात. मी पाच क्वार्टचा एक कॅन, वर एक सुटा क्वार्ट, म्हणजे मिळून ते 5.7 लिटर, आणि फिल्टर आणते. पन्नासच्या आत काम होतं.

मामा : आणि तो टॉर्क रेंच, तो ट्रे, ती चाकांची फळी, हे सगळं सासरहून आलं का? शनिवारची सकाळ जाते ती वेगळीच. हौसेला मोल नाही, हे मला मान्य. पण मग तिला हौस म्हण, बचत म्हणू नकोस.

भाची : बरं, हौस म्हणते. पण नुसती हौस नाही. इथं झटपट ऑइल बदलून देणारी दुकानं असतात. गाडीतून उतरायचंही नाही, पंधरा-वीस मिनिटांत बाहेर. खाली पीटमध्ये उभ्या असलेल्या पोराला दिवसभरात कितीतरी गाड्या उरकायच्या असतात. तो ड्रेन बोल्ट हवेच्या पान्यानं कसून टाकतो. पुढच्या वेळी बोल्ट आट्यांसकट बाहेर आला, तर ऑइलचं चेंबर बदलायचा खर्च माझ्या गळ्यात. माझ्या गाडीची काळजी माझ्याइतकी कुणाला असणार आहे?

मामा : इथंच तुझं-माझं फाटतं. काळजी हा स्वभाव झाला, ती पद्धत नव्हे. जिव्हाळ्यानं बोल्ट कसला जात नाही. डेपोत आमच्यापैकी कुणाचाच त्या बसवर जीव नव्हता. बस आज माझ्याकडे, उद्या दुसऱ्या पाळीच्या माणसाकडे. तरी ती पहाटे घाट चढायची, कारण एकानं केलेलं काम दुसरा पाहायचा आणि तिसऱ्याची सही झाल्याशिवाय बस गेटाबाहेर पडायची नाही. तुझ्या दारात दुसरा माणूस कुठं आहे? करणारी तू, तपासणारी तू, पास करणारीही तूच.

भाची : आणि डीलरकडचा तपासणारा? तो छापील कागदावर ओळीनं हिरव्या खुणा करून देतो. टायर ठीक, ब्रेक ठीक, गळती नाही. त्यानं खरंच खाली वाकून पाहिलं की नाही, कुणाला माहीत? मी गाडीखाली जाते तेव्हा नुसतं ऑइल सोडून बाहेर येत नाही. पुढची स्किड प्लेट काढते, तिच्यात साठलेली समुद्राची वाळू झाडते. टर्बोकडं जाणाऱ्या नळ्यांवर ओल दिसते का बघते. पुढच्या अ‍ॅक्सलचे रबरी बूट चिरलेत का, हात फिरवून बघते. ऑइल बदलणं हे निमित्त. वर्षातून दोनदा गाडीचं पोट डोळ्यांखालून जातं.

मामा : हा मुद्दा सोळा आणे. पण मग दाखव मला, तू नेमकं करतेस काय.

इथून पुढचं बोलणं गाडीशेजारी झालं. वसाहतीच्या असोसिएशनचा नियम असा की, घरापुढच्या ड्राइव्हवेवर किरकोळ काम चालेल, पण गाडी दिवस मावळायच्या आत चालती व्हायला हवी आणि काँक्रीटवर डाग पडता कामा नये. 5.9 मीटर लांबीची गाडी गॅरेजमध्ये मावत नाही, तेव्हा दुसरा इलाजही नव्हता. मामांना हा नियम फार आवडला.

भाची : आधी इंजिन चार-पाच मिनिटं चालवते. ऑइल कोमट झालं की पातळ होतं आणि तळाचा गाळ घेऊन निघतं. पण तापलेल्या इंजिनाला हात लावत नाही. गाडी सपाटीवर आणते, पार्किंग ब्रेक लावते, चाकांना ठोकळे लावते. गाडी मुळातच उंच, त्यामुळे जॅक लावावा लागत नाही.

मामा : ते उत्तम. जॅक लावलास, तर खाली स्टँड हवेतच. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही, मग काम अर्ध्या मिनिटाचं का असेना. आणि बोल्ट उघडायच्या आधी वरचं झाकण उघडतेस ना?

भाची : हो. हवा खेळली की धार सलग पडते. नवं ऑइल भरायला झाकण निघतंय, याचीही आधीच खात्री होते. मग ड्रेन बोल्ट. रिंग पाना किंवा गोटी पानाच वापरते. फिक्स पान्यानं बोल्टाचे कोपरे झिजतात. शेवटच्या फेऱ्या हातानं. पहिली धार सरळ खाली पडत नाही, चांगली हातभर पुढं उडते, म्हणून ट्रे थोडा पुढं ठेवते. एफ-150 मध्येच येणाऱ्या 2.7 लिटरच्या इकोबूस्ट इंजिनाला 2015 पासून प्लॅस्टिकचं चेंबर आणि हातानं फिरवून निघणारा पिवळा प्लग आला. तिथं पान्याचा जोर लावला की संपलंच.

मामा : म्हणजे एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या पिकअपमध्ये दोन पद्धती. म्हणून मी म्हणतो, अंदाजानं हात घालायचा नाही, त्या इंजिनाचं पुस्तक उघडायचं. आता फिल्टर दाखव.

भाची : हा पुढच्या बाजूला, खालून हात पोहोचतो असा. फोर्डच्याच मोटरक्राफ्ट ब्रँडचा एफएल-500एस. सैल केला की त्यातलं ऑइल सांडतं, त्यासाठी खाली प्लॅस्टिकची पन्हळ दिलेली आहे. तरी मी फडकं गुंडाळतेच. निघाला की सगळ्यात आधी त्याचं तोंड बघायचं. जुनं रबरी गॅस्केट फिल्टरबरोबर आलं का? कधीकधी ते इंजिनालाच चिकटून राहतं आणि दिसत नाही, कारण तेही काळं आणि मागची जागाही तेलकट. त्याच्यावर नवा फिल्टर बसवला की एकावर एक दोन गॅस्केटं होतात. इंजिन सुरू केलं, दाब आला की मधून ऑइलचा फवारा. इंजिन चालू ठेवलं, तर बघता बघता चेंबर रिकामं.

मामा : हे डोळ्यांनी बघतेस की बोटानं?

भाची : दोन्ही. बसायच्या जागेवरून स्वच्छ फडकं फिरवते, मग बोट. नव्या फिल्टरच्या गॅस्केटला बोटानं नवं ऑइल लावते, म्हणजे ते बसताना मुरगळत नाही. हातानं फिरवत न्यायचं. गॅस्केट टेकल्याचं कळतं. तिथून पुढं पाऊण फेरी, तीही हातानंच. पाना फक्त काढायला.

मामा : आमच्याकडे नवा भरती झालेला पोरगा हटकून फिल्टर पान्यानं आवळायचा. त्याला वाटायचं, जितका आवळू तितका पक्का. पुढच्या वेळी तो निघायचाच नाही, मग पेचकस आरपार घालून पिळावा लागायचा. बोल्टाचंही तेच. आट्यांना लागतो तेवढाच ताण द्यायचा. अंगातली रग जिरवायला बोल्ट नसतो. तू टॉर्क रेंच लावतेस, म्हणून मी गप्प आहे.

भाची : या फिल्टरात सिलिकोन रबराची एक झडप आहे. इंजिन बंद झालं की ती आतलं ऑइल परत खाली उतरू देत नाही. सकाळी चावी फिरवल्याबरोबर वरच्या भागाला ऑइल लवकर पोहोचतं. ज्या फिल्टरात ही झडप नीट नाही, त्यात पहिले काही क्षण इंजिन कोरडं फिरतं. या इंजिनाला तर ते परवडणारं नाही.

मामा : ‘या इंजिनाला’ म्हणजे? ऑइल सगळ्याच इंजिनांना लागतं.

भाची : लागतं, पण इथं त्याच्यावर कामं जास्त आहेत. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. पलीकडच्या टोकाला तापलेला धूर, अलीकडे बेअरिंग. वंगण तेच आणि बेअरिंग थंड ठेवायलाही तेच हातभार लावतं. व्हॉल्व्हची वेळ मागंपुढं करणारे कॅम फेजर, तेही ऑइलच्याच दाबावर हलतात. 2017 ते 2020 च्या 3.5 लिटर इकोबूस्टमध्ये गाडी थंड असताना सुरू केली की त्या फेजरचा खडखडाट होतो, अशा तक्रारी खूप झाल्या. फोर्डनं 2021 मध्ये इंजिनाच्या कॉम्प्युटरचं प्रोग्रॅमिंग बदलून द्यायचा कार्यक्रमच काढला. घाणेरडं किंवा चुकीचं ऑइल अशा यंत्रणेला आधी भोवतं.

मामा : मग एवढ्या तापणाऱ्या इंजिनात हे पाण्यासारखं 5डब्ल्यू-30 कसलं? बाहेर अडतीस डिग्री. आमच्या बसला 15डब्ल्यू-40 असायचं, हाताला लागलं की ऑइल वाटायचं.

भाची : बाटलीतला घट्टपणा बघून ठरवायचं नाही, मामा. पहिला आकडा थंडीत ते किती वाहतं ते सांगतो. दुसरा, शंभर डिग्रीला किती घट्ट राहतं ते. तापल्यावर तीस आणि चाळीस यांत फरक आहे, पण तुम्हाला वाटतो तेवढा नाही. आणि पंपाचा दाब, बेअरिंगमधल्या फटी, फेजरमधली बारीक छिद्रं, हे सगळं तीस धरून बेतलेलं आहे. शिवाय डिझेल बसचं ऑइल इथं रसायनानंही चालायचं नाही. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या टर्बो इंजिनात एक वेगळंच दुखणं असतं. आरपीएम कमी आणि लोड जास्त असताना ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. धक्का एवढा जबर की पिस्टन फुटू शकतो. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटचा त्यात हात आहे असं आढळलं, तेव्हा नव्या ऑइलमध्ये त्याचं प्रमाण उतरवून मॅग्नेशियम वाढवलं. मे 2020 पासून एपीआय एसपी हा दर्जा आला, त्यात या दुखण्याची चाचणी आहे. म्हणून मी कॅनवर आधी दर्जा वाचते, मग फोर्डचा मंजुरी क्रमांक. ब्रँड त्यानंतर.

मामा : हे शिकण्यासारखं आहे. आमच्या वेळी ऑइल ड्रममधून यायचं. आम्ही ग्रेड विचारायचो आणि पंप मारायचो. बरं, आता ‘कधी’चं सांग. समोरच्या पडद्यावर अजून चाळीस टक्के दाखवतंय आणि तू ऑइल सोडतेस. का?

भाची : पाच हजार मैल झाले म्हणून. पडदा काहीही म्हणो, मी पाच हजारांच्या पुढं जात नाही. ऑइल स्वस्त, इंजिन महाग.

मामा : हे वाक्य ऑइल विकणाऱ्यांनाही फार आवडतं. अगं, चांगलं ऑइल ओतून देणं ही नासाडीच. हजारो गाड्या चालवणाऱ्या एसटीत कुणी म्हणालं असतं की, माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून अर्ध्यातच बदला, तर त्याला हिशेबाला उभं केलं असतं. काळं झालं म्हणून बदलू नका, हेही आम्ही पोरांना सांगायचो. डिझेलचं ऑइल तर दोन दिवसांत काळं होतं. काजळी स्वतःत धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

भाची : इथंही तीन हजार मैलांवर ऑइल बदलायची जुनी खोड आहे. कॅलिफोर्निया सरकारनं लोकांना सांगितलं की, तीन हजारांचा हट्ट सोडा, तुमच्या गाडीचं पुस्तक बघा. पण पडद्यावर तरी किती विसंबायचं? त्याचा सेन्सर ऑइलमध्ये बुडालेला नाही. गाडी कशी चालवली, किती तापली, किती वेळा थंड सुरू केली, यावरून तो गणित मांडतो. आणि तो आकडा परत शंभरावर आणायला मेनूत जाऊन ओकेचं बटण दाबून धरलं की झालं. ऑइल खरंच बदललं का, हे तो विचारत नाही.

मामा : पाहिलंस? मी मघापासून हेच म्हणतोय. पडद्याला खरं-खोटं कळत नाही, तो तुझ्या बोटावर विश्वास ठेवतो. पण तुझ्या पाच हजारांनाही आधार हवा. तो कुठं आहे?

भाची : फोर्डच्याच पुस्तकात आहे. साधा वापर असेल तर साडेसात ते दहा हजार मैल. जरा कठीण वापर, म्हणजे ओझं ओढणं, कच्चे रस्ते, खूप वेळ उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवणं, असं असेल तर पाच ते साडेसात हजार. अगदी टोकाचा वापर असेल तर तीन ते पाच हजार. आणि काहीही झालं तरी वर्षाच्या आत. आता माझा वापर बघा. उन्हाळ्यात आय-10 वरच्या कोंडीत एसी लावून रखडायचं, मुलाला शाळेत सोडायला दोन-दोन मैलांच्या फेऱ्या. सुट्टीत गॅल्व्हस्टनहून फेरीनं बोलिव्हरला जायचं आणि थेट किनाऱ्यावर गाडी घालायची. कधी मित्रांची बोट मागं लावून ओढायची. लहान फेऱ्यांमध्ये इंजिन पुरतं तापत नाही आणि सिलिंडरमधून निसटलेलं पेट्रोल ऑइलमध्ये साठत जातं.

मामा : मग असं सांग ना! ‘माझ्या मनाला बरं वाटतं म्हणून पाच हजार’ आणि ‘माझा वापर या रकान्यात बसतो म्हणून पाच हजार’, आकडा एकच, पण पहिलं म्हणजे अंगारा, दुसरं म्हणजे इंजिनिअरिंग. आण ती डिपस्टिक.

मामांनी काडीवरचं ऑइल अंगठा आणि बोट यांच्यात चोळलं, नाकाशी नेलं. पेट्रोलचा वास आहे, म्हणाले. थोडा, पण आहे.

भाची : नाकाला दोन टक्के आणि पाच टक्के यांतला फरक कळत नाही, मामा. म्हणून मी मधूनमधून नमुना तपासायला पाठवते. इंडियानात फोर्ट वेनला ब्लॅकस्टोन लॅबोरेटरीज म्हणून प्रयोगशाळा आहे. छोट्या बाटलीत ऑइल भरून टपालानं पाठवायचं. दहा लाख भागांत लोखंड किती, तांबं किती, सिलिकॉन किती, पेट्रोल किती टक्के, असा तक्ता येतो. सिलिकॉन वाढलं, तर एअर फिल्टरच्या आसपास कुठूनतरी धूळ आत जातेय असा संशय धरायचा. समुद्राच्या वाळूत जाणाऱ्या गाडीला हा आकडा फार मोलाचा.

मामा : एका तपासणीनं काय कळणार? लागोपाठच्या तपासण्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर कळेल. त्या कुठं आहेत?

भाची : असतील ईमेलमध्ये. शोधाव्या लागतील.

मामा : आणि मागचं ऑइल किती मैलांवर बदललं? फिल्टर कुठला होता? पावत्या?

भाची : पावत्या… दुकानाच्या अ‍ॅपमध्ये निघतील बहुतेक.

मामा : ‘असतील’ आणि ‘निघतील’. काम पहिल्या नंबरचं आणि दप्तर शून्य. उद्या इंजिनात काही निघालं आणि कंपनीनं विचारलं की, ऑइल वेळेवर बदललं कशावरून, तर काय दाखवशील? हाताची काळी नखं?

भाची : त्यावर इथं कायदा आहे. 1975 चा मॅग्नुसन-मॉस कायदा. ऑइल मालकानं स्वतः बदललं किंवा दुसऱ्या कंपनीचा फिल्टर लावला, एवढ्याच कारणानं वॉरंटी नाकारता येत नाही. त्या फिल्टरमुळेच बिघाड झाला, असं दाखवावं लागतं.

मामा : कायदा तुला स्वतः काम करायची मुभा देतो. काम केलंस, याचा पुरावा तो देत नाही, तो तुलाच ठेवावा लागतो. इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी पाच वर्षं किंवा 60 हजार मैल. एवढ्या काळात अ‍ॅप बदलतं, फोन बदलतो, दुकान बंद होतं. डीलरकडे गेलीस, तर नोंद आपोआप होते. तू वाचवलेल्या पन्नास डॉलरमध्ये त्या नोंदीची किंमत होती, ती तू धरलीच नाहीस.

भाची : मग तुमचं म्हणणं, डीलरकडेच जाऊ?

मामा : थांब, ट्रेमधल्या ऑइलचं काय करतेस?

भाची : निथळू देते. फिल्टरही उलटा करून रात्रभर ट्रेमध्ये ठेवते. मग सगळं रिकाम्या कॅनमध्ये आणि क्वार्टच्या बाटलीत भरून स्पेअर पार्टच्या दुकानात नेऊन देते. ते फुकट घेतात. इथल्या पर्यावरण खात्याचं म्हणणं आहे की, एका वेळचं वापरलेलं ऑइल दहा लाख गॅलन गोडं पाणी नासवू शकतं.

मामा : आमच्याकडे जळकं ऑइल लोक मागून न्यायचे. दाराच्या चौकटीला, खांबांना वाळवीसाठी फासायला. आता भारतातही 1 एप्रिल 2024 पासून वापरलेल्या ऑइलच्या पुनर्वापराची जबाबदारी ऑइल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. पण मी वेगळं विचारत होतो. जुनं ऑइल तू कॅनमध्ये भरतेस, त्या कॅनच्या अंगावर मापाच्या रेघा आहेत. निघालेलं ऑइल किती, ते कधी वाचलंस?

भाची : नाही. किती घातलं ते बघते, किती निघालं ते नाही.

मामा : अगं, तीच तर खरी बातमी! 5.7 लिटर घातलं आणि पाचच निघालं, तर उरलेलं गेलं कुठं? फिल्टरात आणि कानाकोपऱ्यांत थोडं अडकतं, ते दरवेळी सारखंच. पण दर खेपेला आकडा उतरत चालला, तर इंजिन ऑइल खातंय किंवा कुठंतरी गळतंय. उलट काडीवरची पातळी आपोआप चढली, तर पेट्रोल मिसळतंय. डीलरकडे किंवा त्या झटपटवाल्याकडे हे कोण मोजणार? त्यांच्या ट्रेमधून ते थेट टाकीत जातं, दहा गाड्यांचं एकत्र. हे फक्त घरी होऊ शकतं. म्हणून सांगतो, काम तूच कर.

भाची : म्हणजे तुम्ही हरलात?

मामा : हरलो-जिंकलो सोड. करायचं असेल, तर डेपोसारखं कर. एक वही घे, साधी, पुठ्ठ्याची. तारीख, मैल, किती निघालं, किती घातलं, ऑइलचा दर्जा, फिल्टरचा नंबर, पावती मागं चिकटवलेली. प्रयोगशाळेचे तक्ते ओळीनं. आणि तुझा चौदा वर्षांचा मुलगा आत बसून फोन बघतोय, त्याला बाहेर बोलव. त्यानं यादी वाचायची आणि प्रत्येक गोष्ट स्वतः बघून खूण करायची. जुनं गॅस्केट हातात आलं? दाखव. बोल्टाला रेंच लागला? दाखव. ‘आई म्हणाली’ म्हणून खूण करायची नाही.

भाची : आणि काडी?

मामा : काडी शेवटी. पुरते सहा क्वार्ट एकदम ओतू नकोस. साडेपाच ओत, इंजिन अर्धा मिनिट चालव, खाली वाकून फिल्टर आणि बोल्ट कोरडे आहेत का बघ. बंद कर, काही मिनिटं थांब, काडी पूस, परत घाल, वाच. मग उरलेलं थोडं थोडं. आणि ती खूण मुलानं वाचायची, तू नाही. आपल्याला जे दिसावंसं वाटतं, तेच आपल्या डोळ्याला दिसतं.

मुलगा बाहेर आला. यादीतल्या तिसऱ्या ओळीवर तो अडला आणि जुनं गॅस्केट प्रत्यक्ष हातात घेतल्याशिवाय खूण करायला तयार होईना. मामा खूश झाले. भाचीची थोडी चिडचिड झाली, पण गॅस्केट शोधून तिनं त्याच्या हातात ठेवलं.

या वादात कुणाची बाजू घ्यायची? भाचीचं म्हणणं खरं आहे: आपल्या गाडीचं पोट जो स्वतः पाहतो, त्याला गाडी कळते, आणि गर्दीच्या दुकानात तेवढा वेळ कुणी देत नाही. मामांचंही खरं आहे: एकट्या माणसाला स्वतःची चूक दिसत नाही, म्हणून तपासणारा दुसरा डोळा आणि लिहिलेला कागद लागतोच. पण निवाडा द्यायचाच झाला, तर तो डीलर की घर, यावर होत नाही. वाळूत धावणारी 450 अश्वशक्तीची रॅप्टर असो की आपल्या सोसायटीतली साधी हॅचबॅक, ऑइल बदलल्यावर किती निघालं, किती घातलं आणि किती किलोमीटरवर बदललं, हे तीन आकडे विचारा आणि लिहून ठेवा. गॅरेजवाला किती निघालं ते सांगू शकला नाही, तर पुढच्या वेळी शेजारी उभे राहून मोजून घ्या. काम कुणाच्याही हातानं होऊ द्या. आकडे मात्र तुमच्या वहीत हवेत.